मासेमारीचे रीळ : घड्याळ आणि सूतगिरणी यांचा वारसा

प्रस्तावना :

गळाने मासे धरण्याची कला प्राचीन असली, तरी काठीला दोर गुंडाळण्याचे रीळ जोडण्याची कल्पना त्या मानाने अलीकडील आहे. चिनी चित्रकार मा युआन याच्या इ. स. ११९५ च्या सुमाराच्या चित्रात नावेतील मासेमाराच्या काठीस असे रीळ दिसते. इंग्लंडमध्ये टॉमस बार्करच्या १६५१ मधील ग्रंथात त्याचा उल्लेख येतो. रिळांचे प्रकार सामान्यतः उपयोगावरून सांगितले जातात. प्रस्तुत लेखात ते ज्या व्यवसायांतून घडले, त्या अंगाने त्यांचा विचार केला आहे.

फिरती रिळे :

आरंभीच्या रिळात मुठीच्या एका फेऱ्यास दोराचा एकच वेढा बसे. कृत्रिम माशीने मासेमारी करण्याच्या रिळात हीच रचना पुढे टिकली. चार्ल्स ऑर्व्हिस याने १८७४ मध्ये पेटंट घेतलेले अरुंद, सच्छिद्र रीळ या प्रकारातील होय. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकीतील जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने दंतचक्रांवर चालणारे गुणक रीळ घडविले. मुठीच्या एका फेऱ्यात त्याचे अनेक फेरे होत. मात्र गळ फेकताना रीळ दोरापेक्षा वेगाने फिरले की दोराचा गुंता होई.

स्थिर रिळे :

या अडचणीचे उत्तर सूतगिरणीत सापडले. ब्रॅडफर्डचे गिरणीमालक आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये स्थिर रिळाचे पेटंट घेतले. कांडी न फिरता तिच्या टोकावरून सूत सुटते, त्याप्रमाणे या रिळावरून दोर सुटतो. फेकताना रीळ फिरवावे लागत नसल्याने हलके आमिषही दूर जाते. मात्र दोरास पीळ पडण्याचा नवा दोष त्यातून आला. पुढे १९४९ मध्ये टेक्सासचे घड्याळजी आर. डी. हल यांचे झाकणबंद रीळ बाजारात आले. ते तयार करणारी टल्सा येथील कंपनी मूळची तेलविहिरींसाठी कालनियंत्रित स्फोटके बनविणारी होती.

समारोप :

‘रीळ’ हा मराठीत रुळलेला शब्द मूळ इंग्रजीतही सूत गुंडाळण्याच्या साधनाचाच वाचक आहे. रिळाच्या विकासातील निर्णायक टप्पे घड्याळजी आणि गिरणीमालक यांच्या हातून घडले. साधनाचा इतिहास केवळ त्याच्या वापरकर्त्यांपुरता लिहिल्यास शेजारच्या व्यवसायांचे हे ऋण दृष्टिआड होते. तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनाने त्याची नोंद घेणे आवश्यक आहे.