ज्ञानदान आणि श्रमिक

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने श्रावकाला सांगितली आहेत. मात्र आपले ज्ञानदान बहुधा शालेय मुलांच्या शिष्यवृत्तीपाशी थांबते. शाळेचे वय उलटलेल्या श्रमिकांचे काय, हा प्रश्न मुंबईने फार पूर्वी हाती घेतला होता.

१९३९ साली बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबईत प्रौढ साक्षरतेची मोहीम सुरू झाली. परंतु केवळ अक्षरओळखीने रोजीरोटीचा प्रश्न सुटत नाही. म्हणूनच १९६७ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ मुंबईत उभे राहिले. वाचन, हिशेब, आरोग्य आणि हातातील कसब यांची तेथे सांगड घातली गेली. २००० साली या विद्यापीठांना ‘जन शिक्षण संस्थान’ हे नाव मिळाले; २०१८ मध्ये ती केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. एकाच खात्यात हयात घालविलेल्या कामगारांना दुसरे काम मिळणे दुरापास्त झाले, तेव्हा अशा शिक्षणाचे मोल कळले.

माझ्या कापडाच्या पेढीवर एक हमाल वीस वर्षे पगाराच्या वहीत अंगठा उठवीत होता. गाठीवरचे गावाचे नाव त्याला वाचता येत नसे. दर दिवाळीला मी त्याला कापड दिले. अक्षर दिले नाही. ही खंत आजही मनात आहे.

सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या न्यासाच्या सभागृहात चौविहारानंतरचा एक तास अशा प्रौढांसाठी राखला जावा, हीच विनंती. जय जिनेंद्र!