हातातलं सुकाणू पायात

गारगोटीच्या वेदगंगेसारख्या नद्यांना पूर आला की गुऱ्हाळातली काहील पाण्यात लोटायची, माणसं आत बसवायची आणि पट्टीच्या पोहणाऱ्यांनी कडा धरून ती पैलतीराला न्यायची, अशी कोल्हापूर भागातली जुनी रीत. काहिलीला ना नाळ, ना पिछाडी. एका बाजूनं वल्हं मारलं की ती जागीच गरगरते. सुकाणू लागतं ते होडी लांबट झाल्यावर.

अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलंय. मागच्या अंगाला बाजूनं मोठं वल्हं पाण्यात सोडलेलं, हेच त्याचं सुकाणू. लाटेत ते आवरताना धरणाऱ्याचे खांदे निघत असणार. चीनमध्ये हा त्रास त्याच्याही आधी मिटला होता: ग्वांगचौच्या हान काळातल्या थडग्यात सापडलेल्या मातीच्या नावेला सुकाणू मागे, मधोमध आहे. दहाव्या शतकात अरब भूगोलकार अल्-मक्दिसीनं तांबड्या समुद्रातलं जहाज वर्णिलं. कप्तान वरून खडक हेरतो, दोन पोरं त्याची हाळी खाली पोचवतात आणि सुकाण्या हातातल्या सुकाणूच्या दोन दोरांपैकी एक ओढतो.

ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांच्या कयाकला मात्र सुकाणू नव्हतं. कंबर झुकवायची, वल्हं मारायचं, होडी वळायची. बंदूक आल्यावर नेम धरताना दोन्ही हात गुंतू लागले, तेव्हा कुठं मागे एक स्थिर पातं बांधायची पद्धत पडली. विसाव्या शतकात युरोपातल्या घडीच्या कयाकनं पुढची पायरी गाठली. हात वल्ह्याला हवेत, म्हणून सुकाणूचे दोन दोर पायांशी आणले.

सुकाणूनं वेग वाढतो का? शांत पाण्यात नाही. पातं उलट पाणी अडवतं, म्हणून ते वर उचलून ठेवतात. फायदा आडव्या वाऱ्यात. पुढे जाणाऱ्या कयाकची नाळ पाण्यात घट्ट रुतलेली असते, पिछाडी मात्र ढवळलेल्या पाण्यात सैल. वारा पिछाडी ढकलतो आणि तोंड वाऱ्याकडं फिरतं. सुकाणू नसेल तर तासन्‌तास एकाच बाजूनं जोर लावायचा. त्यात वाया जाणारी ताकद पात्याच्या अडथळ्याहून कितीतरी जास्त, असं माझं मत.

मुंबईच्या कौस्तुभ खाडेनं २०१५-१६ च्या हिवाळ्यात द्वारकेहून कन्याकुमारीपर्यंत सुमारे ३,००० किलोमीटर किनारा कयाकनं कापला. दक्षिणेकडं जाताना या किनाऱ्यावर दुपारचा वायव्येचा वारा उजव्या खांद्यामागून येतो. मागून येणारी लाट पिछाडी उचलून होडी आडवी करू पाहते, आणि सुकाणूची खरी परीक्षा तिथंच. त्यातही एक खोट आहेच: लाट उंच असली तर पातंही पाण्याबाहेर निघतं. शिवाय पाय टेकवायचे, दोर बांधलेले आधार सरकते असतील तर पायांना रेटा मिळत नाही.

पाटगावच्या धरणात हौसेनं फिरणाऱ्याला यातलं काही लागत नाही. मालवणच्या समुद्रात निघणाऱ्यानं मात्र सुकाणू बसवून घ्यावं, आणि दोर तुटेल म्हणून वल्ह्यानं वळणंही शिकून ठेवावं.