शेंगा चटणीची मेक्सिकोतली बहीण

लाल मिरची, लसूण, भाजलेले शेंगदाणे, मीठ. ही यादी सोलापुरात कुणालाही वाचून दाखवा, लगेच ऐकू येईल, "जिरं राहिलं की!" पण यादी सोलापूरची नाहीच. मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ प्रांतात साल्सा माचा नावाचं तोंडीलावणं करतात, त्याची आहे. तिथे जिरं नसतं आणि तेल असतं, बाकी सगळं तेच. हे जुळणं कळल्यापासून एक प्रश्न डोक्यात ठाण मांडून बसला आहे. या दोघी खरंच एका कुळातल्या, की नुसता तोंडवळा सारखा?

माहितीतला इतिहास थोडक्यात असा: भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, बोलिव्हिया-अर्जेंटिनाच्या डोंगरपायथ्याचा, मिरची मेक्सिकोकडची, सोळाव्या शतकापासून युरोपीय गलबतांनी दोन्ही जगभर पोचवल्या. वाद आहे तो पुढे. गलबतातून फक्त जिन्नस आले, की कृतीही आली?

कृतीही आली, या म्हणण्याला आधार बरा आहे. मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून फिलिपाइन्समधल्या मनिलाला १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती. तमिळमध्ये शेंगदाण्याला 'मनिला कोट्टै' म्हणतात, बंगालीत 'चिनाबादाम'. म्हणजे भुईमुगाची एक वाट पूर्वेकडूनही आली असणार, आणि ती थेट मेक्सिकोला जाऊन भिडते. मग त्याच वाटेनं एखाद्या खलाशाची चटणी का येऊ नये?

येऊ नये, कारण कृती येते तेव्हा ती किनाऱ्यावर खूण ठेवते. पोर्तुगीजांची लसूण आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या मांसाची कृती गोव्यात उतरली, तिचं विंदालू झालं आणि ती गोव्याचीच होऊन राहिली. शेंगा चटणीचं उलट. १५१० पासून पोर्तुगीजांकडे असलेल्या गोव्यात ती रुजली नाही. कोकणात चटणी म्हटलं की ओलं किंवा सुकं खोबरं. शेंगा चटणीचं राज्य सुरू होतं ते घाटावर, जिथे समुद्र कुणी पाहिला नव्हता तिथे.

दुसरा पुरावा उखळातला आहे. साल्सा माचामध्ये मिरच्या तेलात परततात आणि सगळं तेलात बुडलेलं असतं. सोलापुरी चटणीत वरून तेलाचा थेंब पडत नाही. दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजायचे, चोळून सालं पाखडायची. दहा-बारा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, दीड-दोन चमचे लाल तिखट, मीठ. मग उखळात मुसळानं कुटायचं. आधी नुसता जाडसर कूट होतो आणि चटणी फिक्कट दिसते. कुटत राहिलं की कडेचा कूट ओलसर होऊन उखळाला चिकटायला लागतो, रंग गडद होतो, आणि चिमूट दाबली की तिचा गोळा बसून बोटांना तेल लागतं. तिथे थांबायचं. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं. मुसळाचा घाव ते चिरडून बाहेर काढतो. मिक्सरचं पातं दाणा कापतं, म्हणून आधी कोरडी पूड होते आणि बटण जरा जास्त वेळ दाबलं गेलं की एकदम लगदा. मिक्सर वापरायचाच असेल तर थांबत थांबत फिरवावा.

म्हणजे मेक्सिकोत तेल घालतात आणि सोलापुरात ते काढतात. ही रीत कुठून आली, याचं उत्तर माझ्या मते त्याच फडताळातल्या शेजारच्या बरण्यांत आहे. कारळाची चटणी, जवसाची चटणी, तिळाची चटणी. प्रत्येकीची कृती तीच: बी भाजा, लसूण-तिखट-मीठ घाला, तेल सुटेपर्यंत कुटा. तीळ आणि जवस आपल्याकडे भुईमुगाच्या कितीतरी आधीपासून आहेत. कारळही मूळचं इथिओपियाचं असलं तरी अमेरिकेच्या शोधाच्या फार आधी इथलं झालेलं. साचा तयार होता, शेंगदाणा त्यात नंतर पडला. मिरचीही पाहुणीच. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला उमरग्यापुढे बसवकल्याण लागतं; तिथल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात स्वयंपाकाचा ऐसपैस भाग आहे, पण तिखटपणासाठी त्या काळी मिरी होती.

आता साचा कुणाचा? विणकर पद्मशाली मंडळींनी तेलंगणातून आणला, असं एक मत. पण तेलुगू पोडी कोरडी, भुरभुरीत. ती गरम भातावर तुपाबरोबर कालवायची. सोलापुरी चटणी तेलकट, ज्वारीच्या कडक भाकरीबरोबर दह्यात कालवून खायची. माझं मत विजापूरच्या बाजूने. तिकडे हिला 'शेंगा हिंडी' म्हणतात, आणि कानडीत हिंडी म्हणजे पेंडसुद्धा. तेल गाळून उरलेली ताजी पेंड मीठ-मिरचीबरोबर भाकरीला लावणं हीच चटणीची आजी असावी. पुढे पेंडेऐवजी अख्खं बी आलं, आणि घाण्याचं काम उखळाने केलं.

राहिला काळ. 'भुईमूग' शब्द मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात आहे, पण पीक घरोघर व्हायला वेळ गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातला भुईमूग रोगाने बसला. मग बाहेरून नवं बी आलं. त्यातला उपट्या स्पॅनिश भुईमूग साडेतीन-चार महिन्यांत निघायचा, पसरणाऱ्या जातीपेक्षा लवकर, म्हणून कमी पावसाच्या मुलखाला तो मानवला. त्याआधीपासूनच सोलापूर शहर बदलत होतं. १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली, पाठोपाठ आणखी गिरण्या. पाळीवर जाणाऱ्याला न विटणारं, न सांडणारं, पोटाला आधार देणारं कोरड्यास लागतं. कडक भाकरी आणि शेंगा चटणी दोन्ही दिवसेंदिवस टिकतात. घराघरातल्या चटणीला शहराचं नाव मिळालं ते गिरणीच्या डब्यामुळे, असं मी ठामपणे म्हणतो. म्हणजे आजच्या रूपातली चटणी फार तर सव्वाशे-दीडशे वर्षांची.

तेव्हा माझा निकाल असा: मेक्सिकोतली ती बहीण मानलेली, रक्ताची नव्हे. दोघींच्या घरात एकच माल आला आणि कुटायला दगड होताच. सोलापुरीची सख्खी बहीण कारळाची चटणी. हे ज्यांना पटत नाही त्यांनी रत्नागिरी ते कारवार एखादं जुनं घर दाखवावं, जिथे पणजीपासून उखळात शेंगा चटणी कुटत आले आहेत. एक जरी सापडलं तरी कृती गलबतातून उतरली, हे मी मुकाट मान्य करीन.