हिंगोली जिल्हा आणि कामाच्या मागणीची पोच

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. परंतु आज त्यात मोडणाऱ्या कोरडवाहू गावांचा मजुरीच्या रूपातील सरकारी मदतीशी संबंध त्याहून बराच जुना आहे. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणे, रस्त्यांवर माती टाकणे आणि पाझर तलाव, म्हणजे पाणी अडवून ते जमिनीत मुरवणारे तलाव, खोदणे अशी कामे राज्यभर निघाली आणि मे १९७३मध्ये त्यांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली. मिलो, म्हणजे परदेशातून आणलेली लाल ज्वारी, आणि सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटलेला पूरक आहार, यांच्या आठवणी मराठवाड्यात अजून निघतात.

ही मदत दुष्काळाबरोबर सरणारी होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आलेल्या रोजगार हमी अधिनियमाने हा क्रम उलटा केला: टंचाई जाहीर होण्याची वाट न पाहता मजुराने काम मागावे आणि शासनाने ते द्यावे. खर्चासाठी नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. हजेरीपटावर अंगठा उमटला तरी मजुरी ठरे ती खणलेल्या खड्ड्याची लांबी, रुंदी व खोली मोजून; कठीण मुरुमाचा दर मातीहून अधिक असला, तरी जमीन कोणत्या प्रकारात धरायची हे मोजमाप घेणाऱ्याच्या हाती राही. काम न मिळाल्यास देय असलेला बेकारी भत्ता मात्र दिवसाला किमान एक रुपया, म्हणजे नावापुरताच होता.

केंद्राचा रोजगार हमी कायदा २ फेब्रुवारी २००६ रोजी देशातील २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत हिंगोली होता. मूळ जिल्हा परभणी २००८मध्ये आला. मागासलेपणाच्या निकषांवर मिळालेला हा मान अभिमानाचा नव्हे, हे सांगणे नलगे. या कायद्यानुसार नमुना ४ भरून काम मागितल्यावर १५ दिवसांत ते न मिळाल्यास पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पावपट आणि पुढे किमान निम्मा भत्ता देय ठरे. अकुशल मजुरी केंद्र देई, भत्ता मात्र राज्याच्या तिजोरीतून जाई. मागणीच्या अर्जाची तारीख असलेली पोच देण्यात यंत्रणेला उत्साह नसण्याचे कारण येथेच शोधावे लागते. पोच नसेल तर मागणीची तारीख सिद्ध होत नसे, आणि तारखेवाचून १५ दिवसांची मोजणी सुरूच होत नसे.