उमेदवारी, सिफारस आणि पोच : लातूरच्या रोजगाराचा पूर्ववृत्तान्त

नोकरी कशी मिळवावी यासंबंधी उपदेश करणाऱ्यांची आपल्या समाजात कधीच वाण पडली नाही; परंतु असा उपदेश करणारा गृहस्थ बहुधा सुकाळात चिकटलेला असतो, आणि जागा रिकाम्या असताना आपल्याला जे सहज साधले तेच तो आजच्या हवालदिल तरुणापुढे शाश्वत सत्य म्हणून मांडत असतो. त्यापेक्षा ज्या मुलखात रोजगार सुकाळातही दुर्मिळ होता, त्या मुलखातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या दाराने आत शिरली याचा शोध घेणे मला अधिक हितावह वाटते. लातूर हा असा मुलूख आहे. निजामी अमलात उस्मानाबाद जिल्ह्याचा एक भाग म्हणून राहिलेले, १६ ऑगस्ट १९८२ रोजी स्वतंत्र जिल्हा झालेले हे स्थळ गेल्या दीडशे वर्षांत चार वेळा तरी आपल्या रोजगाराची किल्ली बदललेली पाहत आले आहे.

पहिले सालारजंग १८५३ मध्ये हैदराबादचे दिवाण झाले आणि १८६५ च्या सुमारास त्यांनी जिल्हाबंदी करून वसुलाचे मक्ते मोडले, तेव्हा ठिकठिकाणी पगारी अंमलदारांच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. त्यापूर्वी गावात काम म्हणजे वतन होते. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार या सर्वांचे काम जन्माबरोबरच ठरत असे, आणि ज्याला वतन नाही त्याने दुसऱ्याच्या शेतावर राबावे हा न्याय होता. नव्या कचेऱ्यांनी या व्यवस्थेला एक खिंडार पाडले. अव्वल तालुकदार, तहसीलदार, पेशकार, अहलकार, गिरदावर अशी उतरंड निर्माण झाली, आणि तिच्या पायथ्याशी, बिनपगारी, उमेदवार बसला. हा उमेदवार कचेरी उघडण्यापूर्वी हजर होई, मिसली म्हणजे फायली लावी, नकला उतरी, अहलकाराचे अर्धे काम उरकी आणि एखादी जायदाद, म्हणजे पगारी जागा, खाली होण्याची वाट पाहत वर्षानुवर्षे काढी. आजच्या दृष्टीने हा धडधडीत अन्याय होय, आणि त्याचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. घरी दोन वेळचे अन्न असणाऱ्यालाच असली उमेदवारी परवडे, हे उघड आहे. तथापि त्यातील एक व्यवहार ध्यानात घेण्याजोगा आहे. जागा रिकामी झाल्याची वार्ता दवंडीने कळत नसे. ज्याच्या हाती तेथील दप्तर आधीच आहे त्याचेच तकर्रुर, म्हणजे नेमणूक, होई, आणि बाहेरून आलेली उत्कृष्ट अक्षरातील दरखास्त, तिच्यासोबत पदवी असली तरी, बहुधा मिसलीत पडून राही.

दप्तराची भाषा हे दुसरे कुलूप. सरकारी कामकाज प्रथम फारसीत चाले. १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. गावपातळीवरचा हिशेब मोडी मराठीत राहिला, पण तहसिलीचा उंबरठा ओलांडायचा तर उर्दू अनिवार्य झाली, आणि या बदलाचा पहिला लाभ उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या सुशिक्षितांना मिळाला. स्थानिकांची कुरकुर वाढत गेली आणि तिच्यातून मुल्की व गैरमुल्की हा भेद कायद्यात आला. १९१९ च्या फर्मानाने मुल्कीची व्याख्या बांधून दिली : जो जन्माने रियासतीचा प्रजाजन, किंवा जो येथे किमान पंधरा वर्षे स्थायिक राहून परतण्याचा विचार सोडून बसला आहे, तो मुल्की. त्याच सुमारास, १९१८ मध्ये, उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली आणि तेथे उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठरले. त्यासाठी इंग्रजी ग्रंथांचे भाषांतर करणारे दारुत्तर्जुमा हे स्वतंत्र खाते चालविण्यात आले. औसा-लातूरकडच्या ज्या मराठी घरांनी काळाची पावले ओळखली त्यांनी मुले मदरशात घातली, आणि घरी पोथी वाचणारा मुलगा कचेरीत शिकस्ता लिपीत झरझर लिहू लागला. ज्यांना हे मानवले नाही, किंवा ज्यांच्या स्वाभिमानाला ते रुचले नाही, ते सोलापूर-पुण्याकडे गेले, अथवा हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारख्या खासगी संस्थांत तुटपुंज्या वेतनावर अध्यापन करू लागले. व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, याच शाळेतून मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनात आले.

कचेरीचे दार असे थोड्यांसाठीच किलकिले असता बहुसंख्यांचा रोजगार मात्र पंचांगाने चाले. सालगड्याचा करार पाडव्याला होई आणि पुढच्या पाडव्याला संपे. साल ठरताना ज्वारीचे माप, धोतरजोडी, घोंगडे, पायताण आणि उचल यांवर दोन्हीकडून घासाघीस होत असे. जाणता गडी शिमग्यापासूनच चार वाड्यांवर अंदाज घेत फिरे, कारण पाडवा उलटून गेल्यावर मालक नडलेला नसतो, गडी नडलेला असतो. उचल जितकी मोठी तितका गडी पुढच्या सालाला अधिक बांधला जाई, ही या कराराची काळी बाजू. ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेणाऱ्या आजच्या जोडप्यालाही ती परकी नाही. नोकरी पत्करताना आगाऊ घेतलेला पैसा हा पगार नसून कर्ज असते, ही जाण या भागातील निरक्षर माणसाला आपल्या पदवीधरांच्या कितीतरी आधी आलेली होती.

लातूरचे भाग्य पालटले ते रेल्वेने. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे काढली. १८९७ मध्ये ती आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत धावू लागली आणि १९११ मध्ये लातुरास येऊन पोहोचली. बालाघाटावरील तूर, हरभरा, करडई, भुईमूग आणि कापूस आता बैलगाडीच्या वेगावर अवलंबून राहिला नाही. १९१७ मध्ये गंजगोलाईची वर्तुळाकार वास्तू उभी राहिली, तिच्याभोवती सोळा रस्त्यांची बाजारपेठ फैजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने आखली, आणि कचेरीत ज्याला कोणी विचारीत नव्हते अशा माणसाला प्रथमच एक दुसरे दार दिसले.

अडतीच्या पेढीवर शिरण्याला ना मुल्कीची सनद लागे, ना उर्दू. लागे ती जामीनकी : ओळखीच्या कोणीतरी ‘पोरगा विश्वासाचा आहे’ एवढे म्हणणे. पोरगा पहाटे गादी झाडी, पाणी भरी, मापाड्याच्या शेजारी उभा राहून वजने बोलून दाखवी. पुढे पट्टी लिही, मग रोजमेळ, मग कीर्द-खतावणी, आणि वकूब असेल तर एके दिवशी दिवाणजी होई. पेढीची उमेदवारी कचेरीपेक्षा या अर्थाने सरस होती, की तिच्यात शिकलेले काम माणसाबरोबर दुसऱ्या पेढीवर जाऊ शके. खतावणी सर्वत्र तीच. हमाल, तोलार, गाडीवान यांना मात्र ही शिडी नव्हती, आणि त्यांच्या श्रमाला कायद्याचे काही संरक्षण मिळण्यासाठी १९६९ चा माथाडी कायदा यावा लागला. याच रेल्वेने माणसेही बाहेर नेली. बार्शी-सोलापूरच्या गिरण्यांत निजामी मुलखातील माणसांची मोठी भरती होती. तेथेही माणसे कामावर लावणाऱ्या जॉबराची मेहेरनजर हीच भरतीची खरी परीक्षा, आणि त्याच्या गावचा माणूस असणे हीच पदवी. ज्यांच्या पाठीशी असा जॉबर, असा अडत्या, असा पेशकार पिढीजात नव्हता, त्या अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजाला सिफारशीच्या या साऱ्या व्यवहारात स्थानच नव्हते, म्हणूनच डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेस काढलेले, पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय मराठवाड्याच्या रोजगाराच्या इतिहासातही एक मोठी घटना ठरते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. स्वातंत्र्याचा तो आनंद यथार्थच होता. पण ज्या कारकुनाने विशीत उर्दू आत्मसात करून पंचविशीत जायदाद मिळविली होती, त्याच्या विद्येचे मोल पुढील काही वर्षांत उतरत उतरत नाहीसे झाले, याकडे इतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही. मुंबई, मध्यप्रांत, मद्रास येथून अनुभवी अधिकारी आले, इंग्रजीचे महत्त्व वाढले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यावर मराठी दप्तराचे दिवस आले. ज्या मुल्की-गैरमुल्की प्रश्नाने १९५२ मध्ये हैदराबाद शहरात गोळीबारापर्यंत मजल गाठली, त्याचे प्रतिध्वनी येथेही होतेच. या स्थित्यंतरात तगले कोण, हे पाहण्यासारखे आहे. केवळ भाषेच्या बळावर बसलेले मागे पडले. जमाबंदी, मोजणी, हिशेब, दिवाणी कामाची रीत ज्यांना ठाऊक होती त्यांनी नवी भाषा शिकून तीच कामे पुढे चालविली. दप्तराची लिपी बदलली, पण सातबाऱ्याच्या मुळाशी असलेले ज्ञान बदलले नाही. आणि कालचक्राची गंमत अशी, की २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती निजामकालीन कुणबी नोंदी शोधू लागली तेव्हा मराठवाड्यातील रेकॉर्ड रूममध्ये मोडी आणि जुनी उर्दू वाचू शकणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. कोणी आजोबांची ती विद्या हौसेने जपली असेल तर तिचा तेव्हा रोख उपयोग झाला. मात्र तिच्यावर संसार मांडावा असे मी कोणालाही सांगणार नाही.

यानंतर आश्वासनांचे युग आले. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात शासकीय नोकऱ्या देण्याचे कलम होते. संविधानाच्या ३७१ व्या अनुच्छेदातही मराठवाड्याला राज्यसेवेत पुरेशी संधी देण्याची तरतूद आहे. १९७४ मध्ये विद्यार्थी विकास आंदोलनात उतरले ते ही कलमे कागदावरच राहिली म्हणून. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४५ मध्ये सुरू झालेली सेवायोजन कार्यालये तोवर सर्वांना खुली झाली होती, आणि रिकाम्या जागा त्यांना कळविणे सक्तीचे करणारा १९५९ चा कायदा १ मे १९६०, म्हणजे महाराष्ट्राच्या स्थापनेच्या दिवशीच, अमलात आला. नाव नोंदविल्याचे ते कार्ड लातूरकडील किती घरांत देव्हाऱ्याशेजारी जपून ठेवलेले असे! जागा निघाली तर बोलावणे येईल, अशा भरवशावर मुले तिशीला टेकली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ या कार्यालयाकडून आलेल्या नावांवर विसंबून न राहता वर्तमानपत्रांतूनही जाहिरात द्यावी असे म्हटले, आणि कार्डाची उरलीसुरली किंमत गेली.

याच काळात रोजगाराचा सर्वांत विलक्षण प्रयोग दुष्काळाने घडविला. १९७२ चा दुष्काळ लातूर-उस्मानाबादच्या म्हाताऱ्यांच्या स्मरणात सुकडी, मिलो ज्वारी आणि खडीचे ढिगारे या रूपाने अद्याप आहे. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती, आणि त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा होता. वि. स. पागे यांनी आधीच मांडलेली रोजगार हमीची कल्पना या अनुभवाने पक्व झाली. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि या योजनेचा खर्च चालविण्यासाठी त्याआधीच, १९७५ मध्ये, व्यवसायकर बसविण्यात आला होता. मुंबईच्या पगारदाराने द्यायचे आणि औशाच्या मजुराने खोदायचे, अशी ही योजना होती. पण या कायद्याचे मर्म त्याच्या पोचीत होते. मजुराने लेखी काम मागावे, त्याची तारीख घातलेली पोच घ्यावी, आणि पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता मागावा. तोंडी मागणाऱ्यास ‘काम निघाले की सांगू’ एवढेच ऐकावे लागे. ज्याच्या हाती पोच, त्याच्याशी तलाठी निराळ्या स्वरात बोले. ज्या शाळकरी पोराने वस्तीवरच्या बायांचे अर्ज लिहून पोचा गोळा केल्या, त्याला नागरिकशास्त्राचा धडा पुस्तकाहून बरा समजला असणार.

आता लातूरची कीर्ती परीक्षांसाठी आहे. १९६१ चे दयानंद आणि १९७० चे राजर्षी शाहू ही महाविद्यालये, त्यांतून प्राचार्य जनार्दन वाघमारे, अनिरुद्ध जाधव प्रभृतींच्या परिश्रमाने घडलेला ‘लातूर पॅटर्न’, आणि त्यामागून आलेला शिकवणीवर्गांचा विस्तार ही हकीकत सर्वश्रुत आहे. परीक्षेने सिफारशीचे महत्त्व कमी केले, हा तिचा मोठाच गुण. परंतु तिने उमेदवारी पुन्हा बिनपगारी केली, आणि या वेळी दप्तरसुद्धा हाती दिले नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. यांतील पाचसहा वर्षे अभ्यासिकेत घालविलेल्या मुलापाशी, निकाल विरुद्ध गेला तर, पेढीवरच्या पोराला दुसऱ्या वर्षीच येणारी खतावणीही नसते. निजामी कचेरीतला उमेदवार निदान मिसल लावायला तरी शिकत होता. म्हणून परीक्षा द्यायची त्याने अवश्य द्यावी, पण सकाळचे चार तास एखाद्या अडत्याकडे, कर सल्लागाराकडे किंवा वकिलाच्या कचेरीत घालवावे. मोबदला थोडा मिळाला तरी हरकत नाही, मात्र तो मिळावा, आणि किती प्रयत्नांनंतर थांबायचे ते घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

लातूरजवळ ३१ मार्च २०१८ रोजी मराठवाडा रेल्वे कोच कारखान्याचे भूमिपूजन झाले आणि डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. पुढे वंदे भारतच्या शयनयान गाड्यांचे १२० संच येथे बांधण्याचे काम भारतीय आणि रशियन भागीदारीतील एका कंपनीकडे गेले. कारखाना रेल्वेचा असला तरी हे काम करवून घेणारी कंपनी निराळी आहे. रेल्वे भरती मंडळाच्या जाहिरातीची वाट पाहत बसलेल्या फिटर-वेल्डरने त्या कंपनीची आणि तिच्या कंत्राटदारांची नावे विचारून काढावीत, आयटीआयचे प्रमाणपत्र आणि केलेल्या कामाचे दाखले घेऊन समक्ष जावे, आणि अर्ज दिल्यावर त्याची पोच घ्यावी.