परतूरचा प्राध्यापक आणि विद्यापीठाचे ग्रंथालय

परतूर हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील एक स्थानक म्हणून प्रवाशांना ते परिचित आहे. येथील लाल बहादूर शास्त्री महाविद्यालय डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहे. 'संलग्न' हा शब्द कागदावर सोपा वाटतो. अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाकडून येते. परंतु शिकविणाऱ्याला लागणारा ग्रंथ कोठून येतो? या साध्या प्रश्नाचा माग काढीत गेले, की मराठवाड्याच्या उच्च शिक्षणाचा बराचसा इतिहास हाती लागतो.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा येथील विद्यार्थ्याचे विद्यापीठ हैदराबादला होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे शिक्षणाचे माध्यम ठरविले. त्यासाठी आदल्याच वर्षी 'दारुल तर्जुमा' हे भाषांतर कार्यालय उघडण्यात आले आणि शास्त्र, इतिहास, कायदा यांवरील ग्रंथ उर्दूत आणण्याचे काम सुरू झाले. शिक्षकाला वर्गात उभे करण्यापूर्वी त्याच्या हाती ग्रंथ दिला पाहिजे, हे त्या योजनेने ओळखले होते. ही दृष्टी वाखाणण्याजोगीच होती. मात्र ज्याच्या घरी मराठी बोलली जाई, त्याच्यासाठी ते ग्रंथ परक्या भाषेतच राहिले. औरंगाबादला १९२३ साली इंटरमिजिएट महाविद्यालय निघाले, तरी पुढील शिक्षणासाठी हैदराबादची वाट धरावी लागे. मराठी ग्रंथांचा सांभाळ केला तो परभणीच्या गणेश वाचनालयासारख्या लोकांनी उभारलेल्या वाचनालयांनी. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. बाबासाहेबांचे ग्रंथप्रेम सर्वश्रुत आहे. १९१७ साली ते विलायतेहून परतले, तेव्हा त्यांचे ग्रंथ वेगळ्या बोटीने येत होते. ती बोट महायुद्धात बुडाली आणि परिश्रमाने जमविलेला संग्रह समुद्रात गेला. ग्रंथ गमावण्याचे दुःख स्वतः भोगलेल्या या पुरुषाने मराठवाड्यातील वंचितांच्या मुलांसाठी विद्येचे दार उघडले, ही गोष्ट या इतिहासात विसरता येणार नाही.

मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली. २३ ऑगस्ट रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि एस. आर. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू झाले. योगायोग असा, की त्याच सुमारास भारतातील विद्यापीठीय ग्रंथालयांचा मूलगामी विचार चालू होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ साली डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली होती. तिचा अहवाल १९५९ साली प्रसिद्ध झाला. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथ वापरासाठी असतात, वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये, आणि ग्रंथालय ही वाढत राहणारी संस्था आहे, असा त्यांच्या विचाराचा आशय होता. कपाटाला कुलूप लावून किल्ली जपणे हेच ज्या काळी ग्रंथपालाचे कर्तव्य मानले जाई, त्या काळी हा विचार क्रांतिकारक होता.

तालुक्याच्या गावी मात्र तो सहजी पोहोचला नाही. लहान महाविद्यालयाच्या ग्रंथालयात प्रामुख्याने क्रमिक पुस्तके असत. नियतकालिकांचे जुने अंक, संदर्भकोश, प्रबंध हे सारे विद्यापीठाच्या ग्रंथालयात. परतूरच्या प्राध्यापकाला संशोधन करावयाचे, तर गाडी धरून औरंगाबाद गाठणे आले. तेथे तालिकेतील कार्डे चाळावयाची, मागणीपत्र भरावयाचे, वाचनकक्षात बसून टिपणे काढावयाची आणि परतीच्या गाडीच्या वेळेकडे लक्ष ठेवावयाचे. हवा तो ग्रंथ बाहेर गेलेला असला, की अख्खा दिवस फुकट जाई. अशा वेळी जाणत्या ग्रंथपालाचे एक वाक्य, 'हा नाही, पण तो पाहा', फार मोलाचे ठरे.

या नात्याला सरकारी सीमांचाही स्पर्श झाला. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला आणि परतूर त्यात आले. १९९४ साली दोन घटना घडल्या. १४ जानेवारीला, दीर्घ आणि वेदनामय संघर्षानंतर, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. आणि सप्टेंबरात नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन होऊन परभणीची महाविद्यालये तिकडे गेली. परतूर परभणीतच राहिले असते, तर त्याच्या प्राध्यापकाचे ग्रंथालयही बदलले असते!

अशा प्राध्यापकाला ग्रंथालयाकडून नेमके काय लागते, हे आपल्या परिचयाच्या एका ग्रंथावरून सांगता येईल. समजा, त्याला फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' शिकवावयाचे आहे. हा ग्रंथ १६१६ साली गोव्यात रोमन लिपीत छापला गेला. जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला त्याची आवृत्ती काढली, ती रोमन लिपीतच. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ साली पुण्यात निघाली. एक देवनागरी हस्तलिखित लंडनमधील मार्सडेन संग्रहात आहे. वर्गात शिकविण्यास एक आवृत्ती पुरेल. परंतु पाठभेदांवर लिहावयाचे, तर या साऱ्यांचा पत्ता हवा. तो सांगणे, दुसऱ्या ग्रंथालयाकडून प्रत मागविणे, नक्कल मिळवून देणे, हीच विद्यापीठीय ग्रंथालयाची खरी सेवा.

गेल्या तीन दशकांत या सेवेचे रूप पालटले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ साली 'इन्फ्लिबनेट' हा ग्रंथालये जोडणारा प्रकल्प हाती घेतला. १९९६ साली त्याला स्वायत्त केंद्राचा दर्जा मिळाला. त्याच्या 'शोधगंगा' या संग्रहामुळे देशभरातील प्रबंध घरबसल्या पाहता येऊ लागले. 'एन-लिस्ट' योजनेने अनुदानित महाविद्यालयांना अल्प वर्गणीत हजारो नियतकालिके खुली केली. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ३० प्रकाशकांची जवळजवळ १३,००० नियतकालिके तीत आहेत. मात्र ती मंजूर झाली केंद्र व राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी; आणि ग्रामीण महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालये तर शिक्षणसंस्थांनी चालविलेली आहेत. म्हणजे जुना प्रश्न नव्या वेषात उभाच आहे. पूर्वी रेल्वेचे अंतर होते; आता संस्था कोणत्या यादीत बसते, यावर अंतर ठरते.

शिवाय साधन आले म्हणजे सेवा आली असे नव्हे. संगणकावर हजारो लेख दिसतात. त्यांतला विश्वासार्ह कोणता, हे सांगणारा जाणता माणूस लागतोच. मराठीतील जुनी नियतकालिके, गावोगावच्या वाचनालयांतील जीर्ण ग्रंथ यांचे तर मोठे काम अजून शिल्लक आहे. कोणत्याही परदेशी प्रकाशकाच्या वर्गणीतून ते मिळावयाचे नाहीत. ते आपल्यालाच जपावे लागतील.

परतूरच्या वर्गात बसलेली मुले अनेकदा घरातली महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिलीच असतात. त्यांना मिळणारे ज्ञान हे त्यांच्या प्राध्यापकाच्या हाती आलेल्या ग्रंथाहून फार मोठे असू शकत नाही. म्हणूनच विद्यापीठाचे ग्रंथालय केवढे आहे, याइतकेच ते किती दूरवर पोहोचते, हेही विचारले पाहिजे.