मास्टोसायटोसिस, आक्रमक : निदान

मास्ट पेशींची अवाजवी वाढ होऊन त्या अस्थिमज्जा, यकृत, प्लीहा, आतडी अशा इंद्रियांत साचतात, त्या विकाराला बहुव्यापी मास्टोसायटोसिस म्हणतात, आणि या साचण्याने इंद्रियाचे कार्यच बिघडू लागले की तो आक्रमक ठरतो. पाउल एर्लिख यांनी १८७८ मध्ये वर्णिलेल्या या पेशी एरवी ॲलर्जीच्या प्रसंगी हिस्टामीन सोडतात. विकाराच्या मुळाशी बहुधा किट जनुकातील डी८१६व्ही हे उत्परिवर्तन असते. त्यामुळे बाहेरून संदेश आलेला नसतानाही पेशी वाढतच राहते.

खरी अडचण संशय येण्याचीच असते. सौम्य प्रकारात त्वचेवर तपकिरी चट्टे असतात व ते चोळले असता गांधी उठतात, त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञाला सुगावा लागतो. आक्रमक प्रकारात मात्र त्वचा पुष्कळदा निर्मळ असते आणि रुग्ण पांडुरोग, घटलेले वजन, वाढलेली प्लीहा किंवा जलोदर घेऊन येतो, तेव्हा यकृतविकार, क्षयरोग किंवा अन्य रक्तविकारांचा विचार आधी होणे साहजिकच आहे.

मास्ट पेशींतून येणाऱ्या ट्रिप्टेज या एन्झाइमाचे रक्तातील प्रमाण, लक्षणांचा झटका नसतानाही, मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमपेक्षा अधिक राहिले तर पुढील तपास करावा लागतो. केवळ या आकड्यावर विसंबता येत नाही. काहींना अल्फा-ट्रिप्टेज जनुकाच्या जादा प्रती जन्मतःच मिळालेल्या असतात, आणि मूत्रपिंडे निकामी झाली तरी हे प्रमाण चढते.

निर्णय लागतो तो अस्थिमज्जेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात १५ किंवा अधिक मास्ट पेशींचे दाट पुंजके अनेक ठिकाणी आढळणे हा मुख्य निकष आहे; चतुर्थांशाहून अधिक मास्ट पेशी तर्कुरूप, म्हणजे मध्ये फुगीर व टोकांना निमुळत्या असणे, त्यांच्यावर सीडी२५ किंवा सीडी२ यांसारखे अस्वाभाविक प्रथिन असणे, किट उत्परिवर्तन आणि वाढलेले ट्रिप्टेज हे गौण निकष आहेत. मुख्य निकषाला एका गौण निकषाची जोड मिळाली, किंवा तीन गौण निकष जुळले, तर बहुव्यापी विकाराचे निदान होते. पुंजक्यांभोवती तंतूंची गुंतवळ असल्याने सुईने ओढलेल्या मज्जाद्रवात या पेशी फारच थोड्या उतरतात, म्हणून कटिअस्थीतून काढलेला घन तुकडा तपासणे अपरिहार्य ठरते, आणि तोही ट्रिप्टेज व सीडी११७ यांच्या विशेष रंजनाने, कारण नेहमीच्या रंजनात तर्कुरूप पेशी सहज नजरेतून सुटतात. उलट, तुकड्यातील कॅल्शियम काढणाऱ्या आम्लाने डीएनए खराब होऊ शकतो. उत्परिवर्तनाची चाचणी त्यामुळे द्रवावर किंवा रक्तावर करणे श्रेयस्कर.

आक्रमकता पेशींच्या संख्येवरून नव्हे, तर इंद्रियांच्या हानीवरून ठरते : १०० मिलिलिटर रक्तात १० ग्रॅमहून कमी हिमोग्लोबिन, घन मिलिमीटरमागे एक लाखाहून कमी प्लेटलेट, यकृताच्या बिघाडासह जलोदर, हाडांची मोठी झीज, अपशोषणाने घटणारे वजन. ही हानी मास्ट पेशींमुळेच झाली आहे हे दाखवणे सर्वांत कठीण, कारण पुष्कळ रुग्णांत जोडीला दुसरा रक्तकर्करोगही असतो. मज्जाद्रवाच्या लेपात मास्ट पेशी २० टक्के किंवा अधिक असल्यास विकाराला मास्ट पेशी ल्युकेमिया म्हणतात. त्यातही रक्तात त्या क्वचितच दिसतात.

उत्परिवर्तनाचा प्रकार नोंदवणे उपचारासाठीही आवश्यक असते. डी८१६व्ही असल्यास इमॅटिनिब निष्प्रभ ठरते, तर अमेरिकेत २०१७ मध्ये मान्य झालेले मिडोस्टॉरिन आणि २०२१ मध्ये मान्य झालेले ॲव्हाप्रिटिनिब परिणामकारक ठरतात.